गोव्याच्या पावसात कपडे: आधी वाळवण्याची जागा, मग धुण्याचं मशीन

फोंड्याजवळच्या कुर्टीहून एका ताईंनी विचारलंय: दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट, घरात नवरा-बायको, दोन शाळकरी मुलं आणि सासूबाई. मशीन रोज लागतं. जुलै उजाडला की धुतलेल्या कपड्यांनाही कुबट वास येतो, म्हणून ड्रायर घ्यायचा विचार आहे. पण वीज, पाणी आणि साबण कमी लागेल अशी काही घरगुती पद्धत बसवता येईल का? मुलाच्या फुटबॉलच्या मोज्यांवरची तांबडी माती निघत नाही. आणि सासूबाईंच्या पैठणीवर पांढरे ठिपके आलेत, त्यांचं काय करायचं?

ताई, मी वस्त्रशास्त्र शिकले आणि नंतर पंचवीस वर्षं म्हापशाला लाँड्री चालवली. आता घरांना आणि होमस्टेवाल्यांना धुण्याची व्यवस्था लावून देते. जिथे जाते तिथे पहिला प्रश्न साबणाचा किंवा मशीनचा असतो. मी आधी कपडे कुठे वाळतात ते बघायला मागते. गोव्यात आपली लढाई मळाशी थोडी आणि ओलीशी जास्त असते. कपडा वेळेवर वाळला की त्याला वास येत नाही. वास नसला की तो पुन्हा धुवावा लागत नाही, जास्तीचा साबण आणि सॉफ्टनरही लागत नाही. म्हणून मीही तुम्हाला उलट्या टोकाकडून उत्तर देते, वाळवण्यापासून.

आधी हा कुबट वास कुठून येतो ते बघू. 2012 साली जपानी संशोधकांनी ओल्या धुण्याच्या वासामागचा मुख्य जिवाणू ओळखला, मोराक्सेला ऑस्लोएन्सिस. कपडा वाळला तरी तो धाग्यात तग धरून राहतो आणि पुन्हा ओल मिळाली की वाढतो. त्यामुळेच कपाटातून काढताना ठीक वाटलेला टॉवेल अंग पुसताच वास मारतो. एकदा वास धरलेले टॉवेल, बनियन, मोजे नुसते पुन्हा मशीनला लावून सुधारत नाहीत. सुती असतील तर हात घालवणार नाही इतक्या कढत पाण्यात, साठ अंशांच्या वर, अर्धा तास भिजवा, मग धुवा आणि त्याच दिवशी खडखडीत वाळवा. हे महिन्यातून एकदा, वास आलेल्या कपड्यांपुरतंच करायचं. रोजचं धुणं गार पाण्यातच ठीक. मशीनमध्ये पंधरा लिटर पाणी सत्तावीस अंशांवरून साठावर न्यायला अर्ध्या युनिटहून जास्त वीज जाते, आणि गार पाण्याच्या अख्ख्या धुण्याला त्याहून पुष्कळ कमी लागते.

आता तुमची खोली. तुम्ही लिहिलंय की पावसात मागची बेडरूम बंद करून, पंखा लावून कपडे पसरता आणि तरी दुसऱ्या दिवशी ते सर्दच असतात. असतीलच. सत्तावीस अंशांची हवा घनमीटरमागे जेमतेम सव्वीस ग्रॅम बाष्प धरू शकते. पावसाळ्यात आपल्या हवेत आर्द्रता नव्वद टक्के असली, तर त्या हवेत जागा उरते अडीच ग्रॅमची. मशीनमधून पिळून काढलेल्या पाच किलो कपड्यांत सहज तीन लिटर पाणी असतं. ते सगळं हवेत जायचं तर ढोबळमानाने बाराशे घनमीटर हवा हवी. दहा बाय दहाच्या खोलीत असते अठ्ठावीस घनमीटर. म्हणजे खोलीतली हवा चाळीसेक वेळा बदलली पाहिजे. दार-खिडकी लावून पंखा फिरवला तर तीच ओली हवा गरगरत राहते. भिंतीला बुरशी धरते आणि कपाटातल्या साड्यांपर्यंत ओल पोचते. पैठणीवरचे ठिपके याच खोलीतून आले असावेत, अशी मला दाट शंका आहे.

मार्ग दोनच. एक तर हवा वाहती ठेवा, नाहीतर हवेतलं पाणी काढून टाका. दोन्हींचा घोटाळा करू नका.

वाहती हवा म्हणजे समोरासमोरच्या दोन खिडक्या, मध्ये कपडे आणि पंख्याचा झोत कपड्यांवरून बाहेरच्या दिशेने. जुन्या घरांत हे आपोआप व्हायचं. कौलांच्या फटींतून हवा खेळायची, बलकांव, म्हणजे दारापुढचा बसायचा ओटा, तिन्ही बाजूंनी उघडा असायचा आणि पागोळ्यांच्या आत, सोप्यात, दांडीवर धुणं असायचं. चुलीवर टांगलेल्या बांबूंवर लंगोट आणि मुलांचे कपडे शेकून निघायचे. फ्लॅटमध्ये चूल नाही, कौलं नाहीत, पण बाल्कनी आहे. तिच्या छताला दोरी ओढून खालीवर होणारा स्टँड लावून घ्या. वर गरम हवा असते आणि खाली माणसांना वावरायला जागा राहते. दोन कपड्यांत चार बोटं अंतर पाहिजे. शर्ट हँगरवर, पँट उलटी करून खिसे बाहेर, चादर एकपदरी. दोरीवर दुहेरी टाकलेल्या चादरीचा आतला पदर संध्याकाळपर्यंत ओला राहतो आणि वास तिथूनच सुरू होतो. वाऱ्याबरोबर पाऊस आत येत असेल तर बाजूने पारदर्शक पडदा सोडा, पण खाली वीतभर मोकळा ठेवा.

दुसरा मार्ग, पाणी काढण्याचा. यात सगळ्यात स्वस्त यंत्र तुमच्या घरात आहे, मशीनचं स्पिन. धुणं झालं की कपडे तसेच ठेवून आणखी एकदा नुसतं स्पिन लावा. सात-आठ मिनिटांना युनिटचा एक लहानसा अंश लागतो आणि अर्ध्या लिटरपर्यंत पाणी निथळून जाऊ शकतं. तेच अर्धा लिटर पाणी उष्णतेने उडवायचं तर युनिटचा तिसरा हिस्सा हवा, कारण एक लिटर पाण्याची वाफ करायला युनिटच्या साधारण दोन तृतीयांश ऊर्जा लागतेच. फक्त सिल्क, लोकर आणि नाजूक विणीचे कपडे यातून वगळा.

त्यापुढे डिह्युमिडिफायर, म्हणजे हवेतली ओल काढून ते पाणी टाकीत जमवणारं यंत्र. कॉम्प्रेसरवाला घ्या, दिवसाला दहा-बारा लिटर पाणी काढणारा. टेबलावर ठेवायचे चिमुकले मिळतात ते दिवसभरात कपभर पाणी काढतात. कपड्यांसाठी त्यांचा काही उपयोग नाही, त्यावर पैसे घालवू नका. हा लावताना मात्र खोली बंदच हवी. नाहीतर तुम्ही कुर्टीचा अख्खा पाऊस सुकवत बसाल. अडीचशे वॅटचा डिह्युमिडिफायर सहा तास चालला तर दीड युनिट जातं, आणि त्यात कपडे, भिंती, कपाट सगळंच कोरडं होतं. साध्या ड्रायरला एका फेरीला तीनेक युनिट धरा. जून ते सप्टेंबर रोज एक फेरी म्हटली तर साडेतीनशेच्या वर युनिट. शिवाय कपडा रोज गरम हवेत घुसळला की त्याचा धागा झिजतो. ड्रायरच्या जाळीत साठणारा तो मऊ कापूस म्हणजे तुमच्या कपड्यांचंच अंग असतं. घरात एसी असेल तर आणखी सोपं. रात्री झोपताना स्टँड त्याच खोलीत ठेवा आणि एसी ड्राय मोडवर लावा. एसी तुम्ही लावणारच होता, त्याच विजेत कपडेही वाळतील. म्हणून ड्रायर घेऊ नका असं मी तुम्हाला स्वच्छ सांगते. घरात अंथरुणाला खिळलेलं माणूस असतं, रोज चादरी बदलाव्या लागत असत्या, तर माझं उत्तर वेगळं असतं.

वाळायला कमी वेळ लागणारे कपडे वापरणं हीही व्यवस्थाच आहे. जाडजूड टॉवेलचं वजन अर्ध्या किलोच्या आसपास असतं आणि पिळल्यावरही त्यात पाव लिटरहून जास्त पाणी राहतं. सुती पंचा दीडशे ग्रॅमचा. पावसातही वाऱ्यावर टाकला तर दोन-तीन तासांत वाळतो. माझ्या घरी जूनला जाड टॉवेल कोरडे करून वर जातात आणि पंचे बाहेर येतात, ते थेट दसऱ्यापर्यंत. मुलं सुरुवातीला कुरकुरली, आता त्यांना जाड टॉवेल जड वाटतो.

आणि शाळेचा युनिफॉर्म. तुमचं मशीन रोज का लागतं, याचं खरं कारण मला तुमच्या पत्रात तिथेच दिसलं. प्रत्येकी दोन जोड आहेत, म्हणून आजचा उद्याला धुऊन वाळलाच पाहिजे. त्या एका सक्तीपायी अर्धं रिकामं मशीन रोज फिरतं. प्रत्येक मुलाला तिसरा जोड शिवून घ्या. एरवी मी नवा कपडा घ्या असं क्वचितच सांगते. पण इथे तिसरा जोड आला की मशीन एक दिवसाआड होईल, पूर्ण भरून लागेल आणि ड्रायरचा विषय निघणार नाही. पुढच्या वर्षी मोठ्याचा धाकट्याला येईलच.

बाकीचं धुणं कमी करायचं तर आधी एक आठवडा बघा. मळक्या कपड्यांच्या टोपलीवर कागद लावा. जो कपडा टाकेल त्याने एक शब्द लिहायचा: घाम, डाग, वास, किंवा सवय. ज्या घरांत हे केलं तिथे "सवय" हा रकाना सगळ्यात आधी भरला. तासभर देवळात जाऊन आल्यावर काढलेला कुर्ता, संध्याकाळी दोन तास घातलेली जीन्स, एकदा पांघरलेली शाल. हे कपडे मळलेले नसतात आणि घडी करून कपाटात ठेवण्याइतके ताजेही नसतात. त्यांना घरात जागाच नसते, म्हणून ते खुर्चीवर साठतात आणि शेवटी टोपलीत जातात. जुन्या घरांत प्रत्येक खोलीत खुंट्यांची फळी असायची, ती याचसाठी. दारामागे नको, दारामागे हवा लागत नाही. खिडकीजवळच्या मोकळ्या भिंतीला लावा, माणशी दोन खुंट्या. तिसरा कपडा आला की पहिल्याचा निर्णय करायचा. जीन्स चार-पाच वेळा घातल्यावर धुतली तरी चालते. घामाचे कपडे, आतले कपडे, मोजे यांत मात्र कंजुषी नको, आपल्या हवेत ती त्वचेला भोवते.

एक गोष्ट इथेच सांगते, कारण ती सांगितली नाही तर बाकी सगळं कागदावर राहील. पर्यावरणाला बरी पडणारी नवी पद्धत आली की तिचं काम बहुतेक घरांत एकाच बाईच्या अंगावर पडतं. तुमच्या घरी ते तुमच्यावर पडेल. म्हणून स्टँड खाली ओढायची दोरी दहा वर्षांच्या मुलाच्या हाताला पोचेल इतक्या उंचीवर बांधा आणि कपडे काढून घड्या घालणं मुलांकडे द्या. स्पिन पुन्हा लावणं आणि डिह्युमिडिफायरची टाकी ओतणं नवऱ्याकडे. टाकी भरली की तो थांबतो, त्यामुळे विसरलं की कळतंच.

साबणाबद्दल. फोंड्याला पाणी येतं ओपाचं, खांडेपार नदीचं. आपल्या नद्यांचं आणि जांभ्या दगडातल्या विहिरींचं पाणी सर्वसाधारणपणे मृदू असतं, साबणाला लगेच फेस येतो. अशा पाण्याला डिटर्जंट कमी लागतं, आणि आपण टाकतो मात्र झाकण भरून. उरलेला साबण धाग्यात बसतो, तो ओल धरतो, मळ धरतो आणि कुबट वासाला खतपाणी घालतो. घरीच बघा. धुऊन वाळवलेला एक टॉवेल घ्या, बादलीभर स्वच्छ पाण्यात बुडवा आणि साबण न घालता हाताने जोरात खळबळा. पाणी दुधाळ झालं किंवा कडेला फेस चढला, तर तो मागच्या धुण्यांचा साबण आहे. होमस्टेच्या बायकांना हे करून दाखवते तेव्हा त्या पुढच्या धुण्यापासून आपणहून माप कमी करतात. तुम्ही पाकिटावरच्या मापाच्या निम्म्याने सुरुवात करा. कॉलर-बाह्या निघाल्या नाहीत तर तेवढ्याच हाताने घासा. सॉफ्टनर पूर्ण बंद. तो धाग्यावर थर चढवतो आणि टॉवेल पाणी टिपेनासा होतो. किनारपट्टीच्या विहिरींना उन्हाळ्यात खारेपणा येतो, तिथे माप थोडं वाढवावं लागतं.

रिठ्याबद्दल सगळे विचारतात. सिल्क, लोकर आणि जुनी हातमागाची साडी यांसाठी रिठ्यासारखं दुसरं काही नाही. पण तेलकट कॉलर आणि घामाचे शर्ट गार पाण्यात त्याने नीट निघत नाहीत. मग दोनदा धुवावं लागतं आणि वाचवलेलं पाणी तिथेच जातं. रोजच्या मशीनमध्ये मी तो वापरत नाही. परसू असलेल्या घरांनी शेवटच्या खळबळण्याचं पाणी माडा-केळींना सोडायला हरकत नाही, ब्लीच टाकलेलं मात्र नको.

आता मोजे. तांबड्या मातीचा रंग लोहाचा आहे आणि घरोघरी इथेच चूक होते: चिखल ओला असतानाच चोळतात आणि मग त्यावर क्लोरीनचं ब्लीच ओततात. लाँड्रीच्या पहिल्याच वर्षी माझ्याकडे सावर्ड्याकडचा एक पांढरा शर्ट आला होता. पाठीवर हँगरचा गंज लागलेला. मी ब्लीच लावलं आणि फिकट तपकिरी डाग डोळ्यांदेखत पक्का तांबूस झाला. ब्लीचने लोहाचा डाग निघत नाही, उलट बसतो. ती शर्टाची भरपाई मी दिली आणि ही गोष्ट कायमची शिकले. मोजे आधी पूर्ण वाळू द्या, मग दारात नेऊन एकमेकांवर झटका आणि ब्रश मारा. निम्म्याहून जास्त माती तशीच पडते. मग नेहमीसारखे धुवा. त्यानंतर जी तांबूस छटा उरते तिला आंबट हवं. बिंबलं, म्हणजे बिलिंबीची आंबट फळं घ्या, चिरून डागावर मीठ घालून चोळा, अर्धा तास ठेवा आणि भरपूर पाण्याने धुवा. बिंबलांत ऑक्झॅलिक आम्ल असतं, ते लोहाला धरून विरघळवतं. आपल्या आज्या तांब्या-पितळेची भांडी त्यानेच उजळायच्या. बिंबलं नसली तर लिंबू. रंगीत कपड्यावर आधी आतल्या शिवणीत तपासा. आणि आंबट व ब्लीच कधीही एकत्र करू नका, त्यातून विषारी वायू निघतो.

काजूच्या बोंडूचा डाग याच्या उलट वागतो. त्यात टॅनिन असतं आणि साबणाच्या वडीने ते पक्कं होतं. रस उडताक्षणी साध्या पाण्याखाली धरा, साबण नंतर. जुना डाग सुती कपड्यावर असेल तर ऑक्सिजन ब्लीच कोमट पाण्यात घालून दोन-तीन तास भिजवा. पूर्ण निघेल असं वचन देत नाही. म्हणूनच काजूच्या मोसमात परसातले कपडे वेगळेच ठेवतात.

इस्त्रीचं थोडक्यात. 2024 च्या मे महिन्यात सीएसआयआरने, म्हणजे केंद्राच्या वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने, आपल्या प्रयोगशाळांत सोमवारी बिनइस्त्रीचे कपडे घालायची मोहीम चालवली. आपली दोनापावलाची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थाही त्याच परिवारातली. शर्ट झटकून, ओला असतानाच कॉलर आणि पट्टी हाताने ओढून हँगरवर टाकला तर निम्मी इस्त्री वाचते. त्याच संस्थेच्या शास्त्रज्ञांना साळ नदीच्या मुखाजवळचं पाणी, गाळ आणि शिंपल्यांत सूक्ष्म प्लास्टिक सापडलं, आणि त्यात तंतू पुष्कळ होते. पॉलिएस्टरचे कपडे धुताना असेच तंतू सुटतात. मुलांच्या जर्सी पूर्ण भरलेल्या मशीनमध्ये, गार पाण्यात आणि छोट्या सायकलवर धुतल्या तर ते कमी सुटतात.

राहिली सासूबाईंची पैठणी. ती ओल्या फडक्याने पुसू नका, बुरशी त्याने आत शिरते. कोरडा दिवस बघा, नाक-तोंड बांधून साडी बाल्कनीत उलगडा आणि मऊ, कोरड्या ब्रशने ठिपके एकाच दिशेने झटका. सावलीत, थेट उन्हात नाही. पांढरे ठिपके बहुतेक निघतात. काळे पडले असतील तर घरी काही करू नका, जरीच्या साडीला लिंबू-बिंबलं तर लावूच नका. जुने रेशमी कपडे हाताळणाऱ्या जाणत्या माणसाकडे न्या.

मग कपाट भिंतीपासून चार इंच पुढे ओढा. नैर्ऋत्येच्या पावसाचा मारा बसणाऱ्या भिंतीला टेकून तर ते ठेवूच नका. हवेतली आर्द्रता पासष्ट टक्क्यांच्या खाली असली की बुरशी वाढत नाही. डिह्युमिडिफायर चालू असताना कपाटाचं दार उघडं ठेवलं की तेवढं साधतं. पूर्वी कपाटात पंधरा वॅटचा पिवळा बल्ब लावायचे, त्याच्या उबेने आतली ओल कमी व्हायची. आताच्या एलईडीला ती ऊब नाही, आणि कपड्याजवळ जळता बल्ब मला धोक्याचा वाटतो. कांजी केलेल्या सुती साड्या पावसाआधी धुऊन खळ काढूनच ठेवा, कसर आणि बुरशी दोघींनाही खळ आवडते. डांबरगोळ्या नकोत. घरात पुढे कधी तान्हं बाळ आलं तर त्याच्या कपड्यांजवळ तर मुळीच नको, काही बाळांना त्या वाफेने गंभीर कावीळ होते. वेखंडाचे तुकडे मलमलच्या पुरचुंडीत पुरतात.

पैठणी जुन्या मऊ सुती धोतरात गुंडाळा, प्लास्टिकच्या पिशवीत नाही. जरीचा भाग आतल्या बाजूला, आणि घडी दर तीन महिन्यांनी वेगळ्या जागी. पण आज लगेच घडी घालू नका. दोन दिवस बाहेरच्या खोलीत दांडीवर पंख्याखाली राहू द्या, सासूबाईंना पदर हुंगून बघायला सांगा आणि वास गेला म्हणाल्या की मग ठेवा.